गुरुवारचा गॅस

१

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत डिसेंबरमध्ये भजी तळायची तर ती गॅरेजमध्येच. घरात तळली तर कोटांना एप्रिलपर्यंत वास राहतो, आणि ऑफिसात शेजारचा गोरा नाक फुगवून विचारतो, आज लंचला काय आणलंयस. म्हणून शनिवारी गुरुदत्तच्या गॅरेजमधून गाड्या बाहेर निघायच्या आणि शेगडी आत यायची. दार हातभर वर, बाहेर गुडघाभर बर्फ, आत कढईसमोर पफर जॅकेट घातलेली त्याची बायको शोभनावहिनी, आणि भोवती फोल्डिंगच्या खुर्च्यांवर अख्खी गल्ली.

त्या शनिवारी गुरुदत्त एक भजं बराच वेळ चावत होता. चावतोय, चावतोय, गिळता येईना. शेवटी त्याने बोट घालून तोंडातून कापसाचा बोळा काढला.

"मोऱ्या," तो शांतपणे म्हणाला, "तू कधीतरी मार खाणार आहेस."

मोरेश्वर खुर्चीतून खाली घसरेपर्यंत हसला. वय सत्तावन्न, नुकतीच लवकर रिटायरमेंट घेतलेली, आणि खोड्या शाळेतल्या पोराच्या. त्याची नोकरीच तशी होती. सॉफ्टवेअर टेस्टर. तीस वर्षं पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता फुकट काढायचा. घरातलेही सुटत नसत. गेल्या वर्षी रेखा, म्हणजे त्याची बायको, पूजेला बसली होती, तर याने देवीच्या फोटोमागे ब्लूटूथ स्पीकर लपवला आणि बाथरूममधून आवाज काढला, "रेखा, शिऱ्यात साखर कमी आहे गं." जमलेल्या बायका पोट धरून हसल्या. रेखा चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

हसणं थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आसावरी हसलीच नाहीये. ती समोरच्या घरात राहायची. सांगलीची, पस्तिशीची, आणि गल्लीतल्या आणखी तिघांसारखी सूपच्या कारखान्यात कामाला. गुरुदत्त तिथला प्लँट मॅनेजर. रेखा तिथल्या लॅबमध्ये. विक्रम, गुरुदत्तच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा नागपूरचा पोरगा, तिथला बॉयलर ऑपरेटर. आणि आसावरी कंट्रोल्स इंजिनियर. तिथला जुना बॉयलर तिने नव्या कंट्रोल्सवर आणला होता.

"काय झालं गं?" मोरेश्वरने विचारलं.

"काका, गॅस जातोय."

तिने सांगितलं ते असं. जुन्या पद्धतीत बॉयलरचा पंखा सतत फुल स्पीडने फिरायचा आणि हवा जास्त झाली की पुढचं झाकण अर्धं बंद करायचं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने गाडी हळू चालवण्यासारखं. वीज फुकट. वर जास्तीची हवा तापवून धुराड्यातून सोडायची, म्हणजे गॅसही फुकट. नव्या सिस्टिममध्ये धुराड्यात एक सेन्सर बसवलाय. तो धुरात किती ऑक्सिजन उरला ते बघतो, आणि लागेल तेवढीच हवा देण्यासाठी पंखा हळू किंवा जोरात फिरवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गॅस आणि वीज दोन्ही इतकी उतरली, की हेड ऑफिसने केक पाठवला. मग थँक्सगिव्हिंग झालं, आणि पुढच्या आठवड्यापासून गडबड सुरू झाली. सगळे दिवस ठीक. फक्त गुरुवारी गॅसही चढतो, वीजही चढते. तीन गुरुवार झाले.

"आणि स्क्रीनवर?"

"सगळं हिरवं. बॉयलर म्हणतो मी शहाण्यासारखा वागतोय."

नऊ दिवसांनी, पुढच्या सोमवारी रिव्ह्यू होता. व्हाइस प्रेसिडेंटने सरळ सांगितलं होतं, की आकडे असे उड्या मारणार असतील तर प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्ट बंद तर तिची पोस्टही बंद. मग व्हिसा. तिचा नवरा ईशान तिच्या व्हिसावर, मुलगा वीर बालवाडीत. बॅगा भरायला फार वेळ देत नाहीत इथे.

"सिस्टिमच नाजूक आहे," गुरुदत्त नवीन भजं उलटंपालटं करून तपासत म्हणाला. "जुना बॉयलर वीस वर्षं कुरकुरला नाही."

मोरेश्वरचे डोळे बारीक झाले. नव्या कंट्रोल्सचं नाव काढलं की गुरुदत्तचं तोंड कारल्यासारखं व्हायचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि बॉयलर चालवणारा विक्रम याच्याच बेसमेंटमध्ये.

"मशीनला गुरुवार कळत नाही, गुर्‍या. वार माणसाला कळतो. कुणीतरी करतंय हे."

"लाव पैज."

"लावली. चोर ज्याच्या घरातला निघेल, त्या घरच्या पुरुषाने नऊवारी नेसून अख्ख्या गल्लीचा बर्फ काढायचा. फावड्याने. स्नोब्लोअर वापरायचा नाही."

"आणि तुझ्या घरातला निघाला तर?"

"माझ्या घरात मी, आणि रेखा. मी रिटायर्ड. ती सूपमधले जंतू मोजते."

सगळे हसले. शोभनावहिनीने झाऱ्या उंचावून आपण पंच असल्याचं जाहीर केलं. रेखा म्हणाली चटणी संपली, आणते, आणि बर्फातून घराकडे गेली. चटणीची वाटी अर्धी भरलेली होती. पण तेव्हा वाटीकडे बघतंय कोण?

२

मंगळवारी गुरुदत्तने व्हिजिटरचा बिल्ला काढून दिला. त्यालाही मजा वाटत होती. बायकोची हिरवी नऊवारी मोरेश्वरच्या मापाला कशी बसेल, एवढंच डोक्यात. मोरेश्वर डोक्यावर हेल्मेट, कानांवर मफ्स अशा थाटात बॉयलर रूममध्ये शिरला.

खोली म्हणजे छोटं सिनेमा थिएटर. मधोमध बॉयलर झोपलेल्या हत्तीसारखा. एका टोकाला काचेची केबिन, तिच्यात विक्रम आणि चार स्क्रीन. दुसऱ्या टोकाला भिंतीलगत एक उंच करड्या रंगाचं लोखंडी कपाट. जुने कंट्रोल्स त्यात होते. आता आतलं सगळं काढून नेलेलं, रिकामा सांगाडा उभा, दार लोटलेलं.

विक्रम मोकळा पोरगा, पण त्या दिवशी चोरासारखा बघत होता.

"काका, सगळे माझ्यावरच येऊन राहिले. गुरुवारी माझी शिफ्ट असते म्हणून. मी काय गॅस पितो का?"

"पीत नसशील. पण नव्या सिस्टिममुळे ऑपरेटर कमी करणार, असं कुणीतरी म्हणालं होतं ना?"

विक्रमने उगाच स्क्रीनवरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाला, की म्हणाले होते. त्या काळजीने त्याला महिनाभर झोप नव्हती. पण मागच्या गुरुवारी त्याला ताप होता, त्याच्या जागी दुसरा ऑपरेटर आला होता, आणि गॅस तरीही चढला. पाहिजे तर विचारा कुणालाही.

मोरेश्वरने मनातल्या मनात एक नाव खोडलं. टेस्टिंगमध्ये हेच करतात. एक गोष्ट बाजूला काढायची आणि बघायचं, बग राहतो की जातो. विक्रम बाजूला गेला, बग राहिला. म्हणजे बग विक्रम नाही.

"गुरुवारी इथे काही वेगळं असतं का? काहीही सांग. वास, आवाज."

"आवाज मफ्समधून काय कळणार? वेगळं म्हणाल तर..." विक्रम ओशाळून हसला. "गुरुवारी जरा गार वाटतं काका इथे. मी जॅकेट घालूनच राऊंड मारतो. पण मिनेसोटा आहे ना, इथे गार वाटतं म्हणून कोणाला सांगायचं?"

बॉयलर रूममध्ये गारठा. मोरेश्वरने ते डोक्यात ठेवलं. निघताना त्याने खोलीभर फेरी मारली, कपाटाच्या मागे वाकून बघितलं, पाइपांवरून हात फिरवला. कपाटाच्या पायाशी जमिनीवर त्याला दोन दाणे दिसले. तांदळाचे.

"उंदीर आहेत का रे?"

"नसावेत. पण वाइल्ड राइसचं सूप चालू असतं ना आठवडाभर, कुणाच्या बुटाला लागून आले असतील."

मोरेश्वरने दाणे टिश्यूत गुंडाळून खिशात टाकले. त्याला कुठलीही गोष्ट खिशात टाकायची सवय होती; रेखा धुण्याआधी खिसे उलटे करायची.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आसावरी उभी होती. तिचा चेहरा उतरलेला. व्हाइस प्रेसिडेंटचा मेल आला होता: सोमवारी जुनी सिस्टिम परत बसवायला किती खर्च येईल तेही घेऊन या. आणि मेलच्या कॉपीत गुरुदत्तचं नाव होतं.

३

गुरुदत्तला मोरेश्वरने कॅफेटेरियात पकडलं. सरळ विचारलं तर तो चिडणार, म्हणून आधी सूप मागवलं, सूपचं कौतुक केलं, मग सहज विचारल्यासारखं केलं, की जुनी सिस्टिम परत आली तर तुझं काम सोपं होईल नाही?

गुरुदत्तने चमचा खाली ठेवला. खरं आहे, म्हणाला. त्याने नव्या सिस्टिमला विरोध केला होता, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. पाठीमागून काही केलं नाही. मागचे दोन गुरुवार तो टेक्सासला, प्लेनोच्या हेड ऑफिसात होता. मोरेश्वरनेच तर त्याला एअरपोर्टवरून आणलं, आणि गाडीच्या सीटवर पाद वाजवणारी उशी ठेवली होती, विसरला का?

मोरेश्वर विसरला नव्हता. तो आवाज त्याला मरेपर्यंत आठवणार होता. दुसरं नावही गेलं. आणि नऊवारीचं स्वप्नही थोडं फिकं झालं.

"तुझा आसावरीवर राग आहे का पण?"

"मोऱ्या, राग कसला. पोरगी हुशार आहे. मी फक्त म्हटलं, एका वेळी सगळं बदलू नको. तिच्या लिस्टमध्ये बॉयलर रूमचा वेंटिलेशनचा पंखासुद्धा होता. मी म्हटलं तो राहू दे, चालतोय ना."

"कुठला पंखा?"

"अरे, उन्हाळ्यात खोली भट्टी होते, म्हणून बाहेरची हवा आत ढकलणारा. जुना आहे. हिवाळ्यात तो कुठे लागतोय?"

मग मोरेश्वर आसावरीकडे गेला, आणि तिने जे सांगितलं त्याने कोडं आणखी घट्ट झालं. गुरुवारी कारखान्यात जाणारी वाफ रोजच्याइतकीच होती. सूप तेवढंच, धुणं तेवढंच. म्हणजे जास्तीचा गॅस जाळून जी वाफ झाली, ती बॉयलर रूमच्या बाहेर गेलीच नाही. ती आतच कुठेतरी खर्च झाली. चोरी खोलीच्या आत होत होती.

त्या खोलीचं दार कार्डाने उघडतं. कार्ड ऑपरेटरांकडे, गुरुदत्तकडे, आसावरीकडे.

"आणखी कुणाकडे?"

"आणखी कुणाकडे नाही," आसावरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, लॅबवाले येतात रोज पाण्याचं सॅम्पल घ्यायला. पण ते काय, नळ उघडायचा, बाटली भरायची, जायचं."

मोरेश्वरने मान डोलावली आणि ते विसरूनही गेला. तीस वर्षं ज्या चुका त्याने पकडल्या, त्यातल्या निम्म्या अशाच लपलेल्या असत: रोज जो येतो, तो कुणाला दिसत नाही.

घरी आल्यावर त्याने टिश्यू जेवणाच्या टेबलावर उलगडला. शेजारी कारखान्याच्या सूपचा डबा उघडून वाटीत ओतला. वाइल्ड राइस, मिनेसोटाचा. काळा, लांबट, दगडी पेन्सिलीच्या तुकड्यासारखा. टिश्यूतले दाणे मात्र पांढरे होते. आखूड. आणि दिव्याखाली धरल्यावर त्यांच्या एका कडेला फिकट लाली होती.

रेखा पोळ्या लाटत होती. तुपाची बरणी परत कशी संपली, यावरून कालच भांडण झालं होतं. तिने नेहमीप्रमाणे सगळं खापर त्याच्या वरणभातावर फोडलं होतं आणि त्याने मुकाट्याने घेतलं होतं. आता तिने वळून टेबलाकडे पाहिलं, हात पुसले, आली. ते दोन दाणे तिने चिमटीत उचलले. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशीच होता. पण तिने दाणे डब्यात टाकले नाहीत. नकळत कपाळाला लावले, खिडकीपाशी गेली, आणि तुळशीच्या कुंडीत हलकेच ठेवले. मग येऊन पुन्हा लाटायला लागली.

मोरेश्वरचा चमचा सूपमध्येच राहिला.

अक्षता. कुंकू लावलेल्या. पायाखाली येऊ नयेत म्हणून कुंडीत.

मग त्याच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. गेले तीन गुरुवार रात्री शिरा. तो समजत होता, बाईसाहेब खूश आहेत. गेले तीन गुरुवार रेखा दुपारी जेवत नाही, "डाएट" म्हणते. शोकेसमधली छोटी समई दिसत नाही. तुपाची बरणी. आणि बाहेर मार्गशीर्ष चालू आहे.

४

मंगळवारची आणि बुधवारची, दोन्ही रात्री तो कूस बदलत राहिला. टेस्टरला बग सापडला की आनंद होतो. याला झाला नाही.

बोलून टाकावं, तर कारखान्यात आगीचे नियम कडक. बॉयलर रूममध्ये उघडी ज्योत म्हणजे थेट घरी. रेखाची अकरा वर्षांची नोकरी. गप्प बसावं आणि उद्यापासून दिवा लावू नको एवढंच सांगावं, तर गॅस आपोआप खाली येईल, रेखा वाचेल. पण तीन गुरुवारांचं कारण कुणाला कळणार नाही. सोमवारी सिस्टिमवर ठपका बसेल आणि आसावरी बॅगा भरेल. वर अजून एक गोष्ट त्याला कळत नव्हती. एवढ्याशा समईने एवढा मोठा बॉयलर कसा बिघडेल? तेवढं कळल्याशिवाय कुणाचंच नाव घेण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी सकाळी रेखा कामावर गेली. तासाभराने तोही गेला, त्याच व्हिजिटरच्या बिल्ल्यावर.

बॉयलर रूममध्ये शिरताच त्याने कानांवरचे मफ्स काढले. बॉयलरची घरघर होती, आणि तिच्या वर आणखी एक आवाज, बारीक, सतत. त्याने वर पाहिलं. छताजवळच्या जाळीतून हवा येत होती, अंगावर काटा आणणारी. बाहेर उणे वीस. उन्हाळ्यातला पंखा भर डिसेंबरात बाहेरची हवा आत ढकलत होता.

पंख्याची वायर भिंतीवरून खाली येत होती आणि एका जुन्या गोल थर्मोस्टॅटशी, म्हणजे गरम झालं की पंखा चालू करणाऱ्या डबीशी, संपत होती. थर्मोस्टॅट एका खिळ्याला टांगलेला. खिळ्याच्या बरोबर खाली ते करडं कपाट. कपाटाच्या माथ्यावर जुन्या यंत्रांची गरमी निघून जावी म्हणून फटी ठेवलेल्या. मोरेश्वरने फटींवर तळहात धरला. ऊब आली. तुपाचा वासही.

आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, वाफेवर चालणारा हीटर तापून लाल झालेल्या माणसासारखा धापा टाकत होता.

त्याला हसू यायला लागलं आणि थांबेना. एका भिंतीला वाटत होतं उन्हाळा आहे. दुसरीला वाटत होतं हिवाळा आहे. दोघी दिवसभर भांडत होत्या आणि बिल आसावरीच्या नावावर.

त्याने फोन काढला. गुरुदत्तला आणि आसावरीला बोलावलं. विक्रम केबिनमधून आलाच.

"चोर सापडला?" गुरुदत्तने विचारलं.

"आधी चोरी बघा," मोरेश्वर म्हणाला. "आसावरी, तुझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं, कारण बॉयलर खरंच शहाणा आहे. त्याला जेवढी वाफ मागितली तेवढीच त्याने दिली. पण मागणाराच वेडा असेल तर? तो पंखा बघ. तुझ्या सिस्टिममध्ये तो नाहीच, म्हणून तुला दिसत नाही. तो बाहेरची बर्फाची हवा आत घेतो. मग पाइप गोठू नयेत म्हणून हा हीटर चालू होतो आणि वाफ खातो. बॉयलरच्या भट्टीलाही तीच गार हवा मिळते. गॅस चढला. पंख्याची मोटर दिवसभर फुल स्पीडने फिरतेय, वीजही चढली. कारखान्यात गेलेली वाफ तेवढीच. विक्रमला गार वाटलं, ते खरंच गार होतं."

"पण पंखा हिवाळ्यात चालू होईलच कसा?" आसावरी म्हणाली.

"तू तो थर्मोस्टॅट खिळ्यावरून उचल. वायर लांब आहे. आणि हातभर बाजूला धर."

तिने उचलला, बाजूला धरला. सगळे छताकडे बघत राहिले. जरा वेळाने टक झालं आणि बारीक आवाज थांबला.

"परत लाव खिळ्याला."

टक. पंखा सुरू.

टेस्टर लोकांची ही दिवाळी असते. बग हवा तेव्हा आणता आला, हवा तेव्हा घालवता आला, म्हणजे पकडला. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली, सोमवारसाठी.

गुरुदत्त मात्र कपाटाकडे बघत होता. "म्हणजे या खिळ्याखाली काहीतरी गरम आहे. गुरुवारीच असतं. आणि ते कुणीतरी आणून ठेवतं. कोण, मोऱ्या?"

मोरेश्वर हातातले मफ्स उलटेपालटे करायला लागला. मजा अशी, की अख्ख्या गल्लीला ज्याच्या जिभेचा ताप, तो बुटांकडे बघत उभा.

मागे दाराचं कार्ड वाजलं. रेखा आत आली. पांढरा कोट, हातात सॅम्पलची बाटली. तिने सगळ्यांकडे बघितलं, खिळ्याकडे, मग नवऱ्याकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. बाटली जमिनीवर ठेवून ती कपाटापाशी गेली आणि तिने दार उघडलं.

आत मधल्या फळीवर छोटा कलश, त्यावर नारळ, पाच फळं, देवीचा फोटो. वरच्या फळीवर समई, दोन वाती शांत तेवताहेत.

"मी," रेखा म्हणाली.

५

सगळे कपाटात डोकावले. मग विक्रमने पायातले बूट काढले. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"वहिनी, बॉयलर रूममध्ये दिवा?" गुरुदत्तचा आवाज चिरका झाला.

"अहो, त्या बॉयलरच्या पोटात एवढा जाळ आहे. माझ्या दोन वातींनी काय होणार होतं?" रेखा म्हणाली, आणि लगेच खाली बघितलं. "चूक आहे. माहितीये मला. या पोरीचा प्रोजेक्ट नीट व्हावा, हिला इथून जायला लागू नये, म्हणून चार गुरुवार धरले होते. हिचं मशीन इथे, म्हणून देवीलाही इथेच बसवलं. कपाट रिकामंच होतं."

आसावरीच्या हातातला फोन खाली आला. जिच्यासाठी नवस, तिचीच नोकरी त्या नवसाने घालवत आणली होती. ती हसावं की रडावं या पेचात रेखाच्या गळ्यात पडली, आणि दोन्ही केलं.

"पण घरी का नाही लावलास?" मोरेश्वरने विचारलं. त्याचं त्यालाच उत्तर माहीत होतं.

"घरी तुमचा स्पीकर आहे ना."

गुरुदत्तने बाहेर एक फेरी मारली, परत आला. काय ठरवलं ते त्याने मॅनेजरच्या आवाजात सांगितलं. लेखी वॉर्निंग मिळेल, ती टळणार नाही. आगीच्या ट्रेनिंगला रेखा पहिल्या रांगेत बसेल. आणि पंखा आसावरीच्या सिस्टिममध्ये घ्यायला नाही म्हणणारा तो स्वतः होता, हे सोमवारी तोच सांगेल. पंखा स्क्रीनवर असता, तर पहिल्याच गुरुवारी लाल दिसला असता.

"आता तो दिवा विझवा कुणीतरी," तो म्हणाला.

कुणी पुढे होईना. शेवटी मोरेश्वर पुढे झाला. समईला फुंकर मारायला नाही. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, हातांचा आडोसा करायला विक्रमला सांगितलं, आणि तेवती समई घेऊन लांबच्या दाराने बाहेर पडला. पार्किंगमध्ये वाऱ्याने ती आपोआप गेली. तेवढं चालतं, रेखा म्हणाली.

सोमवारी आसावरीने तो व्हिडिओ दाखवला: थर्मोस्टॅट खिळ्यावर, पंखा चालू, थर्मोस्टॅट बाजूला, पंखा बंद. गुरुदत्तने सांगायचं ते सांगितलं. चार गुरुवार वगळले तर सिस्टिमने ठरवल्यापेक्षा जास्त गॅस वाचवला होता. व्हाइस प्रेसिडेंटने आसावरीचे व्हिसाचे कागद पुढे पाठवायला सांगितले, आणि आणखी दोन कारखान्यांची नावंही दिली. सगळं संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. व्हिडिओच्या शेवटी दिसतो तो नारळ कशासाठी होता? आसावरीने सांगितलं, कल्चरल.

त्या शनिवारी पहाटेपासून बर्फ पडला, फूटभर. दहा वाजता शोभनावहिनीने पंच या नात्याने निकाल दिला, की चोर मोरेश्वरच्या घरातला. त्यावर अपील नाही.

मोरेश्वर आपल्या गॅरेजमधून बाहेर आला. हिरवी नऊवारी, आतून स्नोपँट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, कासोटा रेखाने स्वतः घातलेला, इतका घट्ट की त्याला वाकता येईना. कोपऱ्यावरच्या शेजारीण कॅरोलबाई गाऊनवर कोट घालून फोटो काढायला उभ्या. ईशानने वीरला खांद्यावर घेतलं होतं. विक्रमने लाइव्ह सुरू केलं आणि नागपूरहून त्याची आई ओरडली, पदर खोच म्हणावं त्यांना.

त्याने एकेक ड्राइव्हवे साफ केला. फावड्याने. पदर खोचून, कॅमेऱ्यांकडे बघून मुरके मारत. आसावरीचा सगळ्यात नीट केला, कडेकोपऱ्यांसकट. ती चहाचा थर्मास घेऊन बाहेर आली, त्याच्या पाया पडायला वाकली, आणि तो म्हणाला, सौभाग्यवती भव म्हणायला पाहिजे ना मी या वेषात?

रेखा हसता हसता पायरीवर बसली होती. मग तिने सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारलं, "अहो, पुढच्या मार्गशीर्षात समई कुठे लावू?"

मोरेश्वर फावड्यावर टेकून उभा राहिला. घाम, बर्फ, कपाळाला आलेला पदर.

"हॉलमध्ये," तो म्हणाला. "स्पीकर मी कॅरोलला देऊन टाकतो. आणि तूप मी आणेन."

तेवढ्यात गुरुदत्त चावी फिरवत घरातून आपल्या गॅरेजमध्ये आला. त्याला सामान आणायला कॉस्टकोत जायचं होतं. गॅरेजचं दार वर गेलं, आणि समोर बर्फाची भिंत. छातीएवढी. अख्ख्या गल्लीतून काढलेला सगळा बर्फ तिथे नीट थापून लावलेला, आणि भिंतीच्या बरोबर मध्ये कापसाचं एक भजं टोचलेलं.

"मोऱ्या!"

"पैजेत बर्फ काढायचा एवढंच होतं, गुर्‍या," मोरेश्वर निऱ्या सावरत म्हणाला. "कुठे टाकायचा, ते तू विचारलंच नाहीस."